गेमिंग पीसीवर वायफाय टिकत नाही : सेटिंग बदलण्याआधी कुठला टप्पा अडतोय ते पाहा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. गेमिंगचा डेस्कटॉप टेबलाखाली आहे, राउटर शेजारच्या खोलीत. स्पीड टेस्ट लावली की १०० एमबीपीएसच्या आसपास आकडा येतो, त्याच टेबलावर ठेवलेल्या फोनवर व्हिडिओही सुरळीत चालतो. पण गेम सुरू केला की ३० मिलिसेकंदांवर असलेला पिंग (निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) मध्येच ५००-६०० वर उसळतो, तुमचं कॅरेक्टर दोन पावलं मागे खेचलं जातं, आणि अधूनमधून वायफाय सुटून आपोआप पुन्हा जोडलं जातं. संध्याकाळी त्रास जास्त. ड्रायव्हर अपडेट करून झाला, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून झाला, राउटर कितीदा तरी बंद-चालू करून झाला. आता महागातला ‘गेमिंग राउटर’ घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

राउटरचं शेवटी बोलू, कारण बऱ्याचदा तिथवर जायची वेळच येत नाही. तुम्ही ‘वायफाय खराब आहे’ या एका वाक्यात तीन तक्रारी बांधल्या आहेत : जोडणी शाबूत असताना पिंग उसळणं, जोडणीच तुटणं, आणि संध्याकाळी सगळंच बिघडणं. तिन्हींचं कारण एक असू शकतं, तीन वेगळीही असू शकतात. घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावणं-दुरुस्त करणं हाच माझा धंदा. त्यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते असं घर, जिथे माणसाने दहा सेटिंग एकदम बदललेल्या असतात आणि त्यातली कुठली उपयोगी पडली, कुठली नडली हे त्यालाही सांगता येत नाही. तेव्हा तूर्त नवीन काही बदलू नका. आधी मोजू.

स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती काही सेकंद भरपूर डेटा ओढते आणि सरासरी सांगते. तेवढ्यात दोनदा अर्धा-अर्धा सेकंद सगळं थांबलं तरी सरासरीत ते बुडून जातं. व्हिडिओचंही तेच. प्लेअरने पुढचे काही सेकंद आधीच साठवलेले असतात, त्यामुळे मधला खंड दिसतच नाही. गेमला असं साठवून ठेवता येत नाही. त्याला वेगही फारसा लागत नाही, बहुतेक ऑनलाइन गेम खेळताना एक एमबीपीएसचीसुद्धा गरज नसते. सेकंदाला डेटाचे काही डझन छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, वेळेवर जावीत आणि वेळेवर यावीत, एवढीच त्याची मागणी. उशिरा आलेलं पॅकेट गेमच्या लेखी न आल्यासारखंच. म्हणून ‘फोनवर तर छान चालतंय’ हा पुरावा मी अर्धाच धरतो.

दुसरं म्हणजे वायफायवर एका चॅनलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरलेल्या जागेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं, कोणी बोलत असेल तर थांबतं, आणि पाठवलेलं पोचल्याची पावती मिळाली नाही तर तेच पुन्हा पाठवतं. गजबजलेल्या खोलीत लांबच्या माणसाला काही सांगताना होतं तसंच. निरोप पोचतो, पण तीनदा ओरडल्यावर. या पुन्हा पाठवण्यामुळे वायफायवर पॅकेट हरवण्यापेक्षा उशिरा पोचण्याचे प्रसंग जास्त येतात. तुमचा ५००-६०० चा पिंग हा बहुधा असाच, कुठेतरी अडकून मग पोचलेला. कुठे अडकला, ते शोधायचं आहे.

पहिल्या चाचणीला काहीच विकत आणावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि वायफायच्या भागात ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा पाहा. तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. मग दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (ping लिहून जागा सोडून पत्ता), दुसरीत बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ८.८.८.८. पत्त्यानंतर जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘टी’ हे अक्षर (-t) दिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो. दोन्ही चालू ठेवून नेहमीसारखा गेम खेळा. लॅग आला, म्हणजे खेळ अडखळला, की लगेच दोन्ही खिडक्या पाहा आणि घड्याळातली वेळ कागदावर टिपून ठेवा. या वेळा पुढे फार कामाला येतात.

दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी आकडे उसळत असतील, तर अडचण पीसी आणि राउटर यांच्या मधल्या हवेत किंवा पीसीतच आहे. राउटरचा पिंग १ ते ५ मिलिसेकंदांत शांत आणि बाहेरचा मात्र उसळतोय, तर वायफाय निर्दोष आहे आणि गडबड राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही शांत असूनही गेम अडखळतोय, तर गेमचा सर्व्हर किंवा तुमचा संगणकच तपासायला हवा. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते काम बिनमहत्त्वाचं. राउटरच्या खिडकीत एखादा मोठा आकडा आला पण त्याच क्षणी बाहेरचा पिंग व्यवस्थित असेल, तर तो सोडून द्या. बाहेरचं पॅकेट राउटरमधूनच जातं, ते वेळेवर पोचलं म्हणजे वाट मोकळी होती.

दुसरी चाचणी केबलची. कोणाकडून तरी लांब लॅन केबल मागून आणा, एका संध्याकाळपुरती जमिनीवरून टाका, पीसी थेट राउटरला जोडा आणि वायफाय बंद करून खेळा. त्रास तसाच राहिला तर वायफायवर घालवलेला पुढचा प्रत्येक तास वाया जाणार, हे एका संध्याकाळीच कळतं. घरच्यांची कुरकुर होईल, पण ही चाचणी टाळू नका.

तिसरी युक्ती फारशी कोणी वापरत नाही, मला मात्र ती फार आवडते. अँड्रॉइड फोन घ्या, त्यातला मोबाइल डेटा बंद करा, फोन घरच्या वायफायलाच जोडलेला ठेवा आणि यूएसबी केबलने पीसीला लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन अशा वेळी आपलं वायफायच पीसीला पुढे देतात, म्हणजे फोन तुमच्या पीसीचं वायफाय कार्ड बनतो. पीसीचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि खेळा. फोन टेबलावर ठेवून खेळ सुरळीत चालला, तर राउटर, लाइन, गेम सगळे सुटले आणि संशय पीसीच्या कार्डावर, अँटेनावर किंवा ड्रायव्हरवर आला. मग तोच फोन कॅबिनेटच्या मागे, जिथे अँटेना आहेत तिथे ठेवून पुन्हा खेळा. तिथे बिघडलं तर कार्डाचाही दोष नाही, ती जागाच वाईट आहे.

इथून पुढे तुमच्या मोजणीवर अवलंबून आहे. तरी तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय अँटेनाचा येतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

वायफाय असलेल्या मदरबोर्डच्या खोक्यात दोन अँटेना वेगळ्या येतात आणि त्या मागच्या पितळी स्क्रूंवर फिरवून बसवायच्या असतात. पीसी जोडून देणारा कित्येकदा त्या खोक्यातच ठेवून देतो. अँटेनाशिवायही वायफाय ‘दिसतं’, राउटर जवळ असेल तर जोडलंही जातं, स्पीड टेस्टही बरी येते. पण सिग्नल इतका काठावर असतो की कोणी दार लावलं तरी फरक पडतो. आधी कॅबिनेटच्या मागे हात घालून पाहा, दोन्ही अँटेना आहेत का आणि घट्ट आहेत का. एक खूण सांगतो : ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर आणि त्याच अँटेनांवर चालतं. हेडफोन किंवा कंट्रोलर चार पावलांवर गेला की तुटत असेल, तर अँटेनाचा संशय पक्का होतो.

अँटेना आहेत, पण त्या कॅबिनेटच्या मागे, म्हणजे पत्र्याच्या पेटीच्या आडोशाला, भिंतीला चिकटून, केबलींच्या जंजाळात. राउटर समोरच्या बाजूला असेल तर सिग्नलला अख्खं कॅबिनेट ओलांडावं लागतं. फोन त्याच खोलीत व्यवस्थित का चालतो, याचं उत्तर इथे आहे. फोन टेबलावर असतो, पीसीचे कान टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून असतात. कॅबिनेट फिरवून पाहा, भिंतीपासून हातभर पुढे ओढा, किंवा टेबलावर ठेवून एक संध्याकाळ खेळा. फरक पडला तर चुंबकाच्या बुडाची, मीटरभर वायर असलेली अँटेना घ्या आणि ती टेबलावर मोकळ्या जागी ठेवा. माझ्या अनुभवात डेस्कटॉपच्या वायफायला सगळ्यात स्वस्तात सर्वांत जास्त गुण येतो तो याने.

सिग्नल मोजायला काड्या पाहू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही कमांड इंग्रजीत द्या. त्यात सिग्नल टक्क्यांत, चॅनलचा क्रमांक, आणि पाठवण्याचा व घेण्याचा दर दिसतो. विंडोजचे टक्के डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, बदलायला सोपे आहेत (उण्याचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला) : १०० टक्के म्हणजे उणे ५० किंवा त्याहून चांगला, ० टक्के म्हणजे उणे १००, मधलं सरळ प्रमाणात. म्हणजे ६० टक्के दिसले तर सिग्नल उणे ७० च्या आसपास. ऐकायला ६० टक्के पास झाल्यासारखे वाटतात, पण उणे ५० आणि उणे ७० यांच्यात शक्तीचा फरक शंभरपट असतो. गेमसाठी मी उणे ६५ च्या वर, म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त मागतो. त्याखाली पॅकेटं पुन्हा पाठवण्याचं प्रमाण वाढायला लागतं. तीच कमांड काही मिनिटांनी परत द्या. पाठवण्याचा दर सारखा वर-खाली उड्या मारत असेल तर कार्ड झगडतंय असं समजा.

वायफाय डोंगलवर, म्हणजे यूएसबी पोर्टात लावायच्या छोट्या यंत्रावर, असेल तर गोष्ट वेगळी. नखाएवढं डोंगल कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली, ही जोडी वाईट. यूएसबी ३ च्या पोर्टांतून आणि केबलींतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. २०१२ मध्ये इंटेलनेच यावर मोजमापांसह टिपण काढलं होतं. त्यामुळे डिस्कवरून गेम लोड होताना नेमका वायरलेस माउस अडखळतो किंवा वायफाय कोसळतं, असले चमत्कार दिसतात. डोंगल एका छोट्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलवर लावून कॅबिनेटपासून दूर टेबलावर ठेवा, शक्य तर यूएसबी २ च्या पोर्टात किंवा ५ गिगाहर्ट्झवर.

आता वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्या पट्ट्यांकडे येऊ. २.४ गिगाहर्ट्झ भिंती बऱ्या पार करतं, पण तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, वायरलेस कीबोर्ड-माउस सगळे एकाच अरुंद जागेत. एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच : १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की ही जागा भरते, आणि तुमची ‘संध्याकाळी जास्त’ ही तक्रार इथे बरोबर बसते. पीसी २.४ वर असेल तर तो आधी ५ वर न्या. मात्र बऱ्याच राउटरांत दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असतं आणि कुठे जोडायचं ते राउटर आणि कार्ड आपापसांत ठरवतात. पीसी मधूनच पट्टा बदलतो आणि तेवढा वेळ गेम अडकतो. राउटरमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर तो बंद करून ५ ला वेगळं नाव द्या आणि पीसीला तेवढंच ओळखू द्या. २.४ वरच राहणं भाग असेल, तर १, ६, ११ पैकी सर्वांत कमी गर्दीचं चॅनल घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ सारखं मधलं चॅनल रिकामं दिसलं तरी घेऊ नका, दोन्हीकडचा गोंगाट अंगावर येतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी कमी, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, भिंतींपुढे ते लवकर थकतं. सळयांचं काँक्रीट, आरसे, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी मध्ये असेल तर फारच. दुसरी गोष्ट रडारची. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनलं बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात, नेमके नियम देशागणिक बदलतात. राउटरला तिथे रडारचा सिग्नल भासला, तर त्याला काही सेकंदांत ते चॅनल सोडावंच लागतं, आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जायचं तर साधारण मिनिटभर आधी नुसतं ऐकत बसावं लागतं. घरातली ५ वरची सगळीच यंत्रं एकदम सुटतात आणि मिनिटभराने परत येतात, असं होत असेल तर हेच कारण धरा. ‘ऑटो’ काढून चॅनल ३६ ते ४८ मध्ये बसवा, किंवा तुमच्याकडे परवानगी असेल तर १४९ च्या पुढे. रुंदी ८० पुरेशी आहे. १६० ठेवली की ३६ पासून सुरू झालेला पट्टाही ६४ पर्यंत, म्हणजे रडारच्या हद्दीत पोचतो. आणि गेमला त्या जादा रुंदीचा काही उपयोगही नसतो.

जोडणी पूर्ण तुटण्याबद्दल. इथे तुमच्या कागदावरच्या वेळा काढा. विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) दिलंत की गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो. त्यात जोडणी कधी तुटली आणि विंडोजच्या मते का तुटली, दोन्ही असतं. कारणाचं वाक्य दर वेळी शहाणं असतंच असं नाही, पण वेळा खऱ्या असतात. बरोबर तासातासाने तुटत असेल तर राउटरच्या वायफाय सुरक्षेतली गट-किल्ली (सगळ्या यंत्रांना मिळून दिलेली सांकेतिक किल्ली) बदलण्याची मुदत पाहा, पुष्कळ राउटरांत ती ३६०० सेकंद असते. एरवी हा बदल कळतही नाही, पण एखाद्या ड्रायव्हरला तो पचत नाही. दर मिनिटाला किंवा ठरावीक काही मिनिटांनी पिंग क्षणभर उसळतो आणि लगेच खाली येतो, असा ठेका असेल तर ते कार्ड आजूबाजूची नेटवर्कं शोधतंय. शोधताना ते आपलं चॅनल क्षणभर सोडतं. अशा वेळी विंडोजची लोकेशन सेवा बंद करून पाहा, आणि वायफायच्या यादीची छोटी खिडकी किंवा सेटिंगचं पान उघडं ठेवून खेळू नका, कारण ते उघडं असलं की शोध वाढतो. कार्डाच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगांत ‘रोमिंग अॅग्रेसिव्हनेस’ (दुसरा चांगला सिग्नल शोधायची घाई) असेल तर ते सर्वांत कमी करा, डेस्कटॉप काही घरभर फिरत नाही.

वीज वाचवण्याचं सेटिंग तर तपासाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा टॅब असेल, तर संगणकाला ते बंद करू देणारी खूण काढा. डोंगल असेल तर पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

ड्रायव्हरविषयी माझं मत जरा उलटं आहे. ‘अपडेट केला’ म्हणजे काय केलं हे महत्त्वाचं. विंडोजला ‘शोध’ म्हटलं आणि त्याने ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ म्हटलं, याला मी अपडेट धरत नाही. मदरबोर्डच्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर उलट मागे जा, ‘रोल बॅक ड्रायव्हर’ त्यासाठीच आहे. आणि बदलानंतर ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलेला पीसी पुढच्या वेळी ड्रायव्हरांची जुनी स्थिती साठवणीतून उचलतो, पूर्ण नव्याने सुरू होत नाही. मदरबोर्डबरोबर आलेलं ‘नेटवर्कला प्राधान्य देणारं’ गेमिंग सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाका. चांगल्या जोडणीला त्याने काही मिळत नाही, आणि वाईट जोडणीत आणखी एक संशयित वाढतो.

आतापर्यंतचं सगळं राउटरच्या अलीकडचं झालं. राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचाच उसळतोय, असं निघालं तर वरचं काही करू नका, सरळ इथे या.

राउटर शांत, बाहेर गोंधळ, आणि तोही संध्याकाळी, याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे घरातलीच दुसरी यंत्रं. कोणाचा फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवतोय, कोणाची व्हिडिओ बैठक चालू आहे, तुमच्याच पीसीवरचा गेम लाँचर मागे अपडेट ओढतोय. बहुतेक घरांच्या लाइनची वर जाणारी बाजू खाली येणाऱ्या बाजूपेक्षा अरुंद असते. ती भरली की राउटर किंवा मोडेम जादा पॅकेटं फेकून न देता रांगेत साठवत राहतो, आणि तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. पिंग ३० चा ६०० होतो तो असा. २०१० च्या अखेरीस जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट असं नाव देऊन ते चव्हाट्यावर आणलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली, तिच्यावर बेतलेल्या पद्धती आज अनेक राउटरांत असतात.

हे तुमच्याकडे आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. बाहेरचा पिंग चालू ठेवा आणि फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. पिंग लगेच चढला आणि अपलोड थांबवताच उतरला, तर निदान झालं. उपाय राउटरमध्ये. ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ नावाची, ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय शोधा, आणि तिथे चढता व उतरता वेग तुमच्या मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के लिहा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग पुढच्या कोणाच्या तरी यंत्रात न साचता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. नुसतं ‘गेमिंग मोड’ असं बटण असलेल्या राउटरांत आत काय चालतं ते कंपनीगणिक वेगळं, त्यामुळे त्याच्या नावावर न जाता हीच अपलोडची चाचणी पुन्हा करून पाहा. राउटरमध्ये काहीच सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर ढकला आणि लाँचरमध्ये डाउनलोडची वेगमर्यादा घाला.

घरात दुसरं काहीही चालू नसताना, केबलवरसुद्धा, संध्याकाळी बाहेरचा पिंग चढत असेल तर गर्दी सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात आहे. मग तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. केबलवर घेतलेल्या दोन्ही पिंगच्या खिडक्यांचे फोटो, वेळांसकट, सलग काही संध्याकाळींचे द्या. ‘तुमचं वायफाय खराब असेल’ हे ठरलेलं उत्तर केबलमुळे बाद होतं.

दोन्ही पिंग शांत असूनही गेम अडतो, त्याबद्दल फार नाही सांगायचं. चित्रच थबकत असेल तर ते नेटवर्क नाही, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा तापमान आहे. गेममधलं एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) आणि नेटवर्कचं ग्राफ एकत्र लावून पाहा. चित्र गुळगुळीत पण कॅरेक्टर मागे खेचलं जातंय आणि दोन्ही पिंग सरळ, तर सर्व्हर बदलून पाहा.

काय करू नये, तेही सांगतो. डीएनएस बदलल्याने गेम चालू असतानाचा पिंग बदलत नाही, कारण सर्व्हरचा पत्ता एकदा मिळाल्यावर डीएनएसचं काम संपलेलं असतं. ‘पिंग बूस्टर’ अॅप आणि रजिस्ट्रीतले जादूचे बदल सोडून द्या, अडलेल्या हवेवर त्यांचा इलाज चालत नाही. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि त्याच रेडिओवर बोलणारा स्वस्त रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) मध्ये ठेवू नका. काड्या वाढतात, पण प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, आणि तुमची तक्रार नेमकी उशिराची आहे.

आता राउटर. तुमचा राउटर फक्त २.४ चा असेल, किंवा घरात यंत्रं बरीच आणि रांगेचा बंदोबस्त करायची सोयच नसेल, तर नवा घेणं सार्थ आहे. घेताना अँटेनांची संख्या आणि खोक्यावरचा हजारांतला वेग पाहू नका. एसक्यूएम आहे का, चॅनल आणि रुंदी हाताने ठरवता येते का, आणि फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, अपडेट येत राहतात का, एवढं पाहा. अडचण टेबलाखालच्या अँटेनाची असेल तर मात्र जगातला कुठलाही राउटर पीसीचं उत्तर नीट ऐकू शकणार नाही. संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं, आणि तुमच्या बाजूचा आवाज कॅबिनेटमागे दबलेला असतो.

केबल कायमची टाकता येत असेल तर मी दुसरं काहीच सुचवणार नाही. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, घरात त्याहून जास्त लागत नाही. भिंत फोडायची नसेल तर टीव्हीची कोअॅक्स केबल दोन्ही खोल्यांत असल्यास तिच्यावर चालणारे मोका अडॅप्टर उत्तम. विजेच्या वायरीवरून जाणारे पॉवरलाइन अडॅप्टर घराच्या वायरिंगवर अवलंबून, म्हणून परत करता येतील अशाच बोलीवर घ्या आणि एक्स्टेन्शन बोर्डात न लावता थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. मेश, म्हणजे दोन-तीन खांबांतून घरभर वायफाय देणारा संच, घ्यायचाच असेल तर पीसीजवळचा मेशचा खांब राउटरला केबलने जोडता येतो का ते आधी पाहा. तसं नसेल तर निदान दोन खांबांमधल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असलेला घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर आज दोन पिंग लावून खेळलो असतो आणि उद्या कॅबिनेट बाहेर ओढून अँटेना पाहिल्या असत्या. त्याने सुटलं नाही तर मला पुढच्या गोष्टी कळवा : लॅगच्या क्षणी दोन्ही खिडक्यांतले आकडे, सिग्नलचे टक्के आणि चॅनल, वायफाय कार्डाचं नेमकं मॉडेल, ते मदरबोर्डवर आहे की डोंगल, आणि केबलवर त्रास होतो का. अहवालातल्या तुटण्याच्या वेळाही द्या, त्या ठरावीक अंतराने येतात की कशाही, यावरून पुढचं सांगता येईल.